डबा तापेपर्यंत

"सगळं छान आहे मॅडम, फक्त ती आजीवाली ऊब येत नाहीये," असा निरोप ऐकायच्या पुस्तकांच्या कंपनीतल्या मुलीने फोनवर बोलून ठेवला होता, आणि बोलता बोलता मध्येच ती कुणाला तरी "मला बिनसाखरेची" म्हणाली होती. ओट्यापाशी, साबणाच्या हाताने, तिने तो निरोप ऐकला, हात पुसले आणि पुन्हा ऐकला. पुढे असं होतं की आवाज या वेळी जरा पातळ वाटतोय, वरचे लोक दुसऱ्या आवाजाचं बघू म्हणताहेत, तर उद्या पहिलं प्रकरण पुन्हा वाचून पाठवा. सरांचा तो जुना डबा लावा ना, नाहीतर बाजारात ट्यूबचे प्रीॲम्प मिळतात, त्यातला एखादा घेऊन टाका. घेऊन टाका! कोथिंबिरीची जुडी आहे की काय. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून ती माइकसमोर बसत आली होती. जाहिराती, माहितीपट, आता ही ऐकायची पुस्तकं. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. पण हातातली बशी जाळीत ठेवता ठेवता तिला कळत होतं की राग मुलीचा नाही. मुलगी बिचारी बिनसाखरेची. राग 'पातळ' या शब्दाचा होता. तो शब्द तिच्या घरातला होता, इतकी वर्षं तो घराबाहेर पडू नये म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, आणि आज तो कुणा परक्या मुलीच्या तोंडून, असा सहज, घरी परत आला होता.

डबा नवऱ्याने स्वतःच्या हाताने बनवलेला. माइकमधून निघालेला आवाज फार अशक्त असतो, त्याला उचलून उभा करायला मध्ये प्रीॲम्प लागतो. हल्ली ते काम मुठीत मावेल एवढं यंत्र करतं, पण नवरा जुना रेकॉर्डिस्ट, त्याला काचेच्या व्हॉल्व्हशिवाय, म्हणजे ट्यूबशिवाय, सगळं खोटं वाटे. करड्या पत्र्याचा डबा, आत दोन व्हॉल्व्ह, समोर एक काळं बटण आणि आवाज किती मोठा ते दाखवणारा एक काटा. व्हॉल्व्ह नीट तापल्याशिवाय आवाज द्यायचा नाही, हा नियम. ती खुर्चीत बसे, समोर पानं मांडून, आणि तो दारातून म्हणे, "थांब. तापू दे." तेवढ्यात पाणी प्यावं, घसा साफ करावा, पण बोलायचं नाही, बोलण्याने घसा आधीच उतरतो असं त्याचं म्हणणं. मग कधीतरी तो मान हलवी आणि ती तोंड उघडी. लग्नानंतर असं किती वेळ ती डबा तापायची वाट बघत गप्प बसली असेल, याचा विचार तिने कधी केला नव्हता; भाताची शिटी व्हायची वाट बघतो तशीच ती वाट. मग दोन महिन्यांपूर्वी डब्यातून धूर आला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तेव्हापासून डबा पोट उघडून जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि नवरा रोज त्यात स्क्रूड्रायव्हर घालून बसत होता. त्याला आता नीट ऐकूही येत नसे. कानाचं यंत्र लाव म्हटलं की म्हणे, "माझे कान आहेत ते, रेडिओ नव्हे." आणि टीव्ही इतका मोठा की शेजारचे भिंत ठोकत.

"कुठे निघालीस?"

"दुकानात. प्रीॲम्प बघायला."

"काय?"

"प्रीॲम्प!"

"काहीतरी फालतू घेऊ नकोस. आतला दिवा बघून फसशील. त्यापेक्षा मला दोन व्हॉल्व्ह आण. नंबर तुला पाठ आहे."

पाठ होता. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव तिला आठवत नसे, पण त्या व्हॉल्व्हचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी तिने सांगितला असता, आणि जिना उतरताना तिला याचाही राग आला. रस्त्यावर ऊन होतं. दुकानापर्यंत बसने जाता आलं असतं, पण बसमध्ये बसून राग गप्प ठेवावा लागतो, म्हणून ती चालत निघाली. चालता चालता ती पुटपुटत होती, आजीवाली ऊब, आजीवाली ऊब, आणि प्रत्येक वेळी स्वतःचा आवाज कसा येतो ते ऐकत होती. लहानपणी थोरला भाऊ तिला टिटवी म्हणायचा. घरात पाहुणे आले, तिने दारातून काही विचारलं, की तो आतून ओरडे, "टिटवी बोलली, आता काही खरं नाही." सगळे हसायचे. आई हसता हसता म्हणायची, असू दे गं, लग्न झालं की आवाज भरतो. जसा काही आवाज म्हणजे अंग. ती आरशासमोर हनुवटी छातीला टेकवून जाड आवाजात बोलून बघायची आणि घसा दुखायला लागला की रडायची. तरी बोलायची हौस काही गेली नाही. शाळेत, कॉलेजात, जिथे वाचायला उभं करतील तिथे ती वाचायची, आणि वाचून झाल्यावर पहिलं ऐकायची ते कुणी हसलं का. हौस होती म्हणून ती एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दारात पोचली, आणि टिटवी होती म्हणून दारातच घुटमळली.

तिथे तो होता, आजचा नवरा. तेव्हाही साहेब, पंचविशीतला साहेब. "एकच ओळ वाच," तो म्हणाला. तिने वाचली. मग काचेपलीकडून त्याने तिला आत बोलावलं, कानाला हेडफोन लावले आणि तिचीच ओळ दोनदा ऐकवली. "एक सरळ घेतलीय, एक माझ्या डब्यातून. सांग, कुठली चांगली?" पहिली ऐकली आणि तिचा चेहरा उतरला, टिटवी, हुबेहूब, लांबच्या झाडावर बसलेली. दुसरी ऐकली आणि अंगावर काटा आला. कुणीतरी भरल्या घरातली, पोट भरलेली, शहाणी बाई जवळ बसून बोलत होती. तिचाच आवाज, आणि तिचा नव्हेच. ओळीच्या शेवटी तिने खुर्ची सरकवली होती, तर ती खुर्चीसुद्धा अशी काही कुरकुरली की तिला हसू फुटलं. "अय्या, खुर्ची पण गोड झाली!" ती म्हणाली होती. तोही हसला होता, आणि त्याने लगेच टेप थांबवली होती. मग शांतपणे म्हणाला, "तुझा आवाज पातळ आहे. पण काळजी करू नकोस, मी आहे." कुठल्याही मुलीने विरघळावं असंच ते वाक्य. ती रडली, आणि वर्ष सरायच्या आत त्याची बायको झाली.

पुढे हा किस्सा त्याचा हुकमी झाला. चार माणसं जमली की तो सांगायचा: ही आली तेव्हा टिटवी होती, हिचा आवाज म्हणजे माझे दोन व्हॉल्व्ह. लोक हसत. तीही हसे. टिटवी हे नाव त्याला तिनेच सांगितलं होतं, अगदी पहिल्या दिवसांत, अंधारात, विश्वासाने. ते असं चारचौघांत बाहेर येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण तो प्रेमाने सांगायचा, आणि प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीवर रागावणार कसं? तर ती बशा आवरायला उठे. दुसऱ्या स्टुडिओतून बोलावणी आली तर ती जात नसे, कारण तिथे डबा नसे. एकदा एक नाटकवाली बाई घरी आली होती, केस पांढरे, ठसठशीत. म्हणाली, मला तुझा आवाज हवाय, माझ्या नाटकातली बाई तुझ्यासारखी बोलते. ही खुर्चीवरून उठून पाणी आणायला गेली आणि आतूनच नाही म्हणाली. रंगमंचावर डबा कुठून आणणार? शेवटच्या रांगेला टिटवी ऐकू जाईल. बाईने दोनदा विचारलं, मग पाणी पिऊन गेली. त्या पाण्याचा ग्लास धुताना आपल्याला नेमकं काय झालं ते तिला आठवत नव्हतं, फक्त ग्लास फुटला होता एवढं आठवत होतं.

दुकान वरच्या मजल्यावर, एका लांबट खोलीत. दुकानदार पूर्वी कुठल्याशा वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायचा, आता पोट सुटलं होतं. तिला पाहताच तो उभा राहिला. "या ताई, या! सर कसे आहेत? त्यांच्या डब्याची सर कशालाच नाही हो." बसल्या बसल्या जखमेवर मीठ. तिने आधी व्हॉल्व्ह मागितले, त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून दोन काढून कागदात गुंडाळून दिले, आणि तिने ते पर्समध्ये टाकले. मग प्रीॲम्प. एक साधा, राखाडी, दिसायला शाळेतल्या कंपासपेटीसारखा, आत ट्यूब नाही. दुसरा ट्यूबचा, समोर काचेची खिडकी, खिडकीत केशरी उजेड. दुकानदार त्या उजेडाकडे असा बघत होता की त्याला हात शेकायचे असावेत.

"हा उजेड ट्यूबचा नाही," ती म्हणाली. "मागे दिवा बसवलाय."

"ताई, तुम्ही पण ना," तो हसला. "गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण आवाज ऐका, मग बोला. मडकंसुद्धा वाजवून घेतात, मी काय तुम्हाला तसंच देणार आहे?"

त्याने मागच्या खोलीत माइक लावला. माइकची वायर दुभागून दोन्ही डब्यांत नेलेली, म्हणजे एकच वाचन एकाच वेळी दोघांतून जाणार. हे तिला आवडलं; आज पहिल्यांदा काहीतरी आवडलं. तिने पिशवीतून पुस्तकाची पानं काढली. ती एका खटल्याची कादंबरी होती आणि पहिल्या प्रकरणात एक म्हातारी साक्षीदार पिंजऱ्यात उभी राहते. तिने वाचलं, "मी पाहिलं तेवढं सांगते. मला काय वाटलं ते विचारू नका." पुढचा परिच्छेद वाचला, पान उलटलं, थांबली. दुकानदाराने बाहेर बसवून तिला हेडफोन दिले. आधी साधा डबा. आणि ती आली. टिटवी. लांब, कोरडी, एकटी. मग त्याने कळ फिरवली आणि केशरी उजेडातून म्हातारी साक्षीदार एकदम जवळ आली, भरली, तिच्या श्वासाला वजन आलं. दुकानदार विजयाने बघत होता. "सांगा! आहे की नाही ऊब?" तिने मान हलवलीच होती. हात पर्सकडे गेलाच होता. तेवढ्यात परिच्छेद संपला आणि पान उलटलं.

पान भरदार उलटलं. कानाशी, लुसलुशीत.

तिने पान त्याच हाताने, त्याच वेळी, एकदाच उलटलं होतं. "पुन्हा लावा," ती म्हणाली, "नुसतं शेवटचं." साध्या डब्यात पान लांब खसखसलं, ट्यूबच्या डब्यात मांडीवर. आवाज भरतो म्हणे, ठीक आहे, पण कागद कसा भरला? कागदाला काय झालं होतं, त्याचं काय लग्न झालं होतं? तिने हेडफोन न काढता टेबलावरच्या मिक्सरकडे पाहिलं, तिथे दोन्ही डब्यांचे काटे उडत होते. केशरी डब्याच्या काट्याची उडी साध्या डब्याच्या काट्यापेक्षा वर जात होती. फार नाही, बोटभर. मोठा आवाज गोड लागतो, सगळ्यांना, नेहमी. थोडा मोठा असला तर तो मोठा आहे हे कळतही नाही, तो चांगलाच वाटतो. हे तिला शिकवलं कुणी? स्टुडिओत कुणी गिऱ्हाईक दोन माइकची तुलना करायला बसलं की नवरा आधी त्यांचे हात बटणांवरून उचलायला लावायचा. "आधी काटे जुळवा, मग कान उघडा." हे त्याचं वाक्य. भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं एवढंच. एका भल्या माणसाला त्याने यावरून बाहेर काढलं होतं, काटे न जुळवता मत देतोस, चालता हो.

"काटे जुळवा," ती म्हणाली.

"अं?"

"दोन्ही काटे एका रेषेवर आणा."

"ताई, तेवढ्याने काय होतंय..."

"आणा!" तो आवाज खोलीत कडकडला आणि समोरच्या गिटारच्या तारा बारीक थरथरल्या. दुकानदाराने मुकाट्याने बटण मागे घेतलं. ती डोळे मिटून बसली. "आता सांगू नका कुठला आहे. फिरवत राहा." तो फिरवत राहिला. हा, तो, पुन्हा हा. फरक होता. नव्हता असं नाही. एका डब्यात शब्दांच्या कडा थोड्या गोल होत्या, एकात खणखणीत. पण लांब नाही, कोरडी नाही, झाडावर कुणी नाही. एकच बाई, दोन्ही वेळा तेवढीच जवळ, म्हणत होती, मी पाहिलं तेवढं सांगते. तिने ओळखायचा प्रयत्न केला आणि चुकली, मग ओळखलं, मग पुन्हा चुकली. खणखणीत तिला जास्त आवडला. पिंजऱ्यात उभी राहिलेली म्हातारी अशीच बोलेल, गोल कडांनी साक्ष देता येत नाही. आणि मग, डोळे मिटलेले असतानाच, खुर्ची कुरकुरली. दुकानातली नाही. ती दुसरी, स्टुडिओतली, चाळीस वर्षांपूर्वीची, पहिल्या ओळीनंतर लांब आणि दुसऱ्या ओळीनंतर कानाशी. अय्या, खुर्ची पण गोड झाली. आणि त्याने लगेच टेप थांबवली.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दुकानदार विचारत होता, मग काय ठरलं, मग हा देऊ का, सरांना फोन लावून विचारू का. "सरांना विचारते मीच," ती म्हणाली आणि खाली उतरली. परतीच्या रस्त्यात काय काय होतं ते तिने पाहिलं नाही. चूक झाली असेल, एक मन म्हणत होतं, तरुण होता, घाईत असेल. चूक? ज्याला काटा केसभर हलला तरी चैन पडत नाही त्याची चूक? लबाडाने जिभेने लबाडी करावी, बटणाने करावी हे कुठलं? आणि तीही कुणाला, तर दारात घुटमळणाऱ्या एका पोरीला, जिला आधीच पटलेलं होतं. तिला ती नाटकवाली बाई आठवली. बाईने डब्याचं नावही ऐकलं नव्हतं. बाई तिच्याशी नुसती खोलीत बसून बोलली होती आणि म्हणाली होती, तुझा आवाज हवाय. कानांनी ऐकून म्हणाली होती! हे इतक्या वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता आलं तर रस्त्याच्या मधोमध, सिग्नल हिरवा असताना. एका गाडीने भोंगा वाजवला. तिने गाडीवाल्याला असं काही सुनावलं की त्याने काच वर घेतली.

घरात टीव्ही गर्जत होता. नवरा टेबलाशी, चष्मा कपाळावर, डब्यात वाकलेला. तिने टीव्ही बंद केला. शांततेने तो दचकला आणि वर बघितलं. रागावली की ती त्याला अहोजाहो करी, एरवी तूच. त्यामुळे पहिल्या शब्दालाच त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही त्या दिवशी काटे जुळवले होते का?"

"काय?"

ती आवाज मोठा करणार होती, सवयीने. केला नाही. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली, जेणेकरून त्याला तोंड दिसेल, आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणाली, "पहिल्या दिवशी. माझी ओळ दोनदा ऐकवलीत. काटे जुळवले होते का?"

कुठला पहिला दिवस, असं तो म्हणाला नाही. तो म्हणेल, तिला वाटलं होतं. म्हणावं अशी इच्छाही होती. त्याने टेबलावरचा एक स्क्रू उचलला, दुसऱ्या स्क्रूशेजारी ठेवला, मग दोन्ही सरळ केले. त्याचे कान मोठे झाले होते, म्हाताऱ्यांचे होतात तसे, आणि आत काही पोचत नव्हतं. त्या कानांना ती किती घाबरली होती.

"जुळवले असते," तो म्हणाला, "तर तू राहिली असतीस?"

तिला वाटलं होतं आता रडू येईल. आलं नाही. रागच आला, नवा, स्वच्छ, उभा राग, दुकानातल्यापेक्षा मोठा. कारण त्याने हे प्रेमाने विचारलं होतं. सगळं प्रेमानेच केलं होतं. तिला ठेवून घ्यायचं म्हणून तिला लहान केलं, आणि मग लहान राहिली म्हणून चारचौघांत तिचं कौतुक केलं. आणि कदाचित, काटे जुळवले असते तरी, ती राहिलीच असती. त्याचा हसरा चेहरा तिला तेव्हाच आवडला होता, ओळ वाचायच्या आधी. हे ती त्याला सांगणार नव्हती. आज नाही, आणि बहुतेक कधीच नाही.

"व्हॉल्व्ह आणलेस का?" त्याने विचारलं.

तिने पर्स उघडली, कागदाची पुडी टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. "घ्या. डबा दुरुस्त करा. आणि मग त्यातून तुम्ही बोला."

आतल्या खोलीत भिंतींना ब्लँकेटं लावलेली होती. टेबलावर कंपनीनेच कधीतरी पाठवलेलं ते मुठीएवढं यंत्र, माइक त्यालाच जोडलेला. तिने फोन उचलून त्या मुलीला निरोप ठेवला: "पहिलं प्रकरण आज पाठवते. आवाज असाच येईल, कडा असलेला. साक्षीदार बाई अशीच बोलते. ऊब हवी असेल तर दुसरी बघा, माझं काही म्हणणं नाही." फोन बंद केला. मग पानं लावली, घोटभर पाणी प्यायली. दारात तो येऊन उभा राहिला होता. समोर डबा नव्हता, उजेड नव्हता, तापायला काही नव्हतं. तरी जुन्या सवयीने त्याचा हात वर झाला. "थांब," तो म्हणाला, "तापू..."

ती वाचायला लागली होती. मी पाहिलं तेवढं सांगते. तो दारातून तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि ती पुढचा परिच्छेद, त्याच्या पुढचा, न थांबता वाचत गेली. पानाच्या शेवटी तिने पान उलटलं, आणि ते पान वाजतं तेवढंच वाजलं.